बरं होणं आणि बरं वाटणं

११ मार्च २०२३, शनिवार. त्या दिवसाविषयी मी जे लिहितेय ते सगळं नवऱ्याने सांगितलेलं आहे. माळ्यावरची बॅग काढायला मी शिडीवर चढले, शिडी सरकली आणि डोक्याची डावी बाजू फरशीवर आपटली. काही मिनिटं शुद्ध नव्हती. शुद्ध आल्यावर मी एकच विचारत राहिले, "आज वार कोणता?" त्याने सांगायचं आणि मी पुन्हा तेच विचारायचं. मला स्वतःला आठवते ती आदली संध्याकाळ, आणि त्यानंतर एकदम सहाव्या दिवशीचा हॉस्पिटलच्या खिडकीचा हिरवा पडदा. मधलं काहीच नाही. ते परत येणार नाही असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, आणि ते आलेलं नाही.

आता वीस महिने झालेत. हे लिहायचं कारण असं, की त्या काळात आम्ही जे जे वाचलं त्यात सूज कधी उतरते, टाके कधी काढतात, गाडी कधी चालवता येते हे सगळं होतं. पण रिपोर्ट सुधारत असताना माणसाला आतून जास्त जास्त वाईट का वाटत जातं, हे कुठे सापडलं नाही. मी कितीतरी महिने समजत होते की मी मागे चाललेय. कुणी आधी सांगितलं असतं तर त्यातली निदान भीती तरी कमी झाली असती.

हॉस्पिटलचा भाग थोडक्यात सांगते. तिथे पोचल्यावर माझा ग्लासगो कोमा स्केलचा आकडा १२ होता. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल या तिन्हींना गुण देऊन ३ ते १५ मध्ये शुद्ध मोजायची ही पद्धत १९७४ साली ग्लासगोमधल्या ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बसवली. १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या आणि कानाजवळच्या भागात मुका मार आणि थोडं रक्त दिसलं. चोवीस तासांनी पुन्हा स्कॅन झाला, रक्त वाढलेलं नव्हतं, ऑपरेशन टळलं. तिसऱ्या दिवशी एक फिट आली, म्हणून फिटवरची गोळी सुरू झाली. दोन दिवस आयसीयू, सात दिवस वॉर्ड, आणि २० मार्चला घरी.

घरी पाठवताना एक पानभर सूचना मिळाल्या. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या होत राहिल्या, झोपेतून जागं करता येईना, बोलणं अडखळायला लागलं किंवा फिट आली तर लगेच परत या. हे पान फ्रिजवर चिकटवा आणि काही आठवडे काढू नका. कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त कधी कधी आठवड्यांनंतरही त्रास देतं. चिडचिड, रडू किंवा मन मेल्यासारखं वाटणं याबद्दल त्या पानावर एक ओळही नव्हती.

विम्याच्या कागदपत्रांनी पहिलं रडवलं ते नवऱ्याला. क्लेमच्या फॉर्मवर रकाना होता, 'अपघात कसा घडला ते रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहावे.' मला काही आठवतच नव्हतं. त्याने माझ्या वतीने लिहिलं, तर फॉर्म परत आला. शेवटी डॉक्टरांकडून 'रुग्णाला घटनेची स्मृती नाही' असं वेगळं पत्र घेतलं आणि पाहणाऱ्याचा जबाब म्हणून नवऱ्याचं लिखाण जोडलं. यात साडेपाच आठवडे गेले. डिस्चार्जच्या दिवशीच हे पत्र मागून घ्या. स्कॅनच्या रिपोर्टबरोबर प्रतिमांची सीडीही घ्या, पुढचा प्रत्येक डॉक्टर ती मागतो. आणि एक जाड वही करा. तारीख, कोणाला भेटलो, काय विचारायचं, काय सांगितलं. आमची वही आता तिसरी चालू आहे.

मुख्य गोष्ट सुरू होते ती २४ एप्रिलला, सहाव्या आठवड्यातल्या तपासणीपासून. डॉक्टरांनी मला एक छोटी प्रश्नावली दिली. जागतिक आरोग्य संघटनेचा पाच प्रश्नांचा निर्देशांक. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजचे दिवस आवडीच्या गोष्टींनी भरलेले होते का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो. ५० च्या खाली आला तर नैराश्य आहे का ते नीट तपासतात. मी भराभर टिका केल्या. ८० आले. त्याच वेळी त्यांनी नवऱ्याला बाहेर बसवून माझ्याबद्दल तोच कागद भरायला सांगितला होता. त्याचे ४० आले.

मला राग आला. मी एवढी छान आहे आणि हा काय लिहितोय, असं खरोखर वाटलं. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाले, "सध्या मला या दोन आकड्यांमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं." घरी काय चाललं होतं ते मला दिसतच नव्हतं. मी दिवसाला चौदा तास झोपत होते. मुलगी बोलायला लागली की मी मधेच उठून जात होते. दोनदा गॅस चालू ठेवून खोलीबाहेर गेले होते. आई मदतीला येऊन राहिली होती, तिला मी रोज विचारत होते, "तू कशाला आलीस?"

जी यंत्रणा आपलं काय बिघडलंय याची नोंद ठेवते, तीच जखमी असते. ही गोष्ट फार जुनी माहीत असलेली आहे. जोसेफ बाबिन्स्की या डॉक्टरांनी १९१४ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं ज्यांची अर्धी बाजू लुळी होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी त्याला ॲनोसॉग्नोसिया हे नाव दिलं. माझं तेवढं टोकाचं नव्हतं, पण जात तीच. आणि म्हणून घरच्यांना सांगते, या टप्प्यावर 'अगं, तुला कळत कसं नाही' म्हणून वाद घालू नका. तो नकार नसतो, हट्टही नसतो. नवऱ्याने त्या दिवसापासून माझ्याशी वाद घालणं थांबवलं आणि वहीत तारखेनिशी लिहायला सुरुवात केली. पुढे मला जाग आली तेव्हा ती वही वाचणं फार जड गेलं, पण उपयोग तिचाच झाला.

याच सुमाराला वास गेल्याचं लक्षात आलं. म्हणजे मुलीच्या लक्षात आलं. ती धावत येऊन म्हणाली, "आई, गॅसचा वास येतोय, तुला येत नाही?" मी ओट्यापाशीच उभी होते. वासाचे बारीक मज्जातंतू नाकाच्या छतातल्या पातळ, चाळणीसारख्या हाडातून वर जातात, डोकं आपटलं की ते तिथेच तुटू शकतात. आम्ही गॅसगळतीचा अलार्म बसवला, तुम्हीही बसवा. पण मला जे लागलं ते सुरक्षिततेचं नव्हतं. मुलीच्या केसांचा वास मला तिच्या जन्मापासून ठाऊक होता. आता तिला जवळ घेतलं तरी काहीतरी काचेपलीकडे राहत होतं. पहिला पाऊस आला तेव्हा सगळे खिडकीत गेले, मीही गेले, आणि मला फक्त पाणी दिसलं. सुख म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यात किती भाग असा न बोलता चाललेला असतो!

मी एका कंपनीत पगारपत्रकं करते. ५ जूनला कामावर रुजू झाले. फिटनेस सर्टिफिकेटवर दोनच पर्याय होते, योग्य किंवा अयोग्य. डॉक्टरांनी 'योग्य' लिहिलं, कारण मी ठामपणे बरी आहे म्हणत होते, आणि बघायला गेलं तर चालत होते, बोलत होते, हिशेब येत होता. तीन आठवड्यांत सगळं कोसळलं. ऑफिसमधला आवाज, दिवे, एकाच वेळी फोन आणि स्क्रीन. दुपारी दोननंतर डोकं असं बधिर व्हायचं की समोरचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात हरवायची. महिनाअखेरीला ओव्हरटाइमची एकच यादी मी दोनदा चढवली. सहकाऱ्याने ती वेळेत पकडली. तो रागावला नाही, उलट प्रेमाने म्हणाला, "वरून तर एकदम ठणठणीत दिसतेस गं." मी स्वच्छतागृहात जाऊन अर्धा तास रडले. अपघातानंतर पहिल्यांदा मला कळलं की माझं काहीतरी गेलंय.

तिथून उतरण सुरू झाली. पुन्हा रजा, यावेळी अर्ध्या पगाराची, आणि पुढे बिनपगारी. बचतीतला मोठा हिस्सा त्या सहा महिन्यांत संपला. मैत्रिणी पहिल्या दोन महिन्यांत रोज यायच्या, आता फोनही विरळ झाले. गर्दीच्या ठिकाणी मला बसवत नव्हतं, म्हणून मी बोलावणं नाकारायची, आणि मग बोलावणी थांबली. "कशी आहेस?" याला आपण "बरी आहे" म्हणतो, तो शब्द माझ्या तोंडून निघेनासा झाला. २१ ऑगस्टला तोच पाच प्रश्नांचा कागद पुन्हा भरला. ३६ आले. नवऱ्याने माझ्याबद्दल भरलेल्या कागदावर ४०.

मी डॉक्टरांना म्हटलं, "एप्रिलमध्ये ८० होते. मी बिघडत चाललेय." ते म्हणाले, "एप्रिलमध्ये तुमच्यात आणि यांच्यात चाळीस गुणांचं अंतर होतं, आज चारच उरलंय. तुम्हाला आता स्वतःचं खरं दिसतंय. त्याचा त्रास होणारच, आणि त्यावर आता आपल्याला उपचार करता येतील." हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. मेंदू बरा होत होता, म्हणूनच मला बरं वाटत नव्हतं. जाणीव परतते आणि तिच्याबरोबर दुःख परततं, असं अनेकांचं होतं, आणि नेमकं त्याच वेळी भेटायला येणारे लोक पांगलेले असतात.

एक गोष्ट लिहायला अवघड आहे, तरी लिहिते. त्या ऑगस्टमध्ये मला रोज वाटायचं की सकाळी जाग आलीच नाही तर बरं. मी काही करणार होते असं नाही, पण विचार यायचा आणि त्यात विसावा वाटायचा. मी तो तीन आठवडे लपवला. लपवू नका. मेंदूच्या इजेनंतर हा धोका वाढतो हे डॉक्टरांना माहीत असतं, ते दचकत नाहीत. मी सांगितलं त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली. त्यांनी सांगितलं की २०१० मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात हॉस्पिटलात दाखल झालेल्या ५५९ जणांपैकी निम्म्याहून अधिकांना पहिल्या वर्षात कधी ना कधी तीव्र नैराश्य आलं होतं. निम्म्याहून अधिक! आणि आमच्या फ्रिजवरच्या पानावर त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

निदान करणंही सोपं नसतं. नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावलीत थकवा, झोप, लक्ष न लागणं हे सगळं विचारतात, आणि ते तर मेंदूच्या इजेनेही होतं. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी फक्त बेरीज बघून गोळी लिहिली तर थांबून विचारा. माझ्या बाबतीत आणखी दोन गोष्टी तपासल्या. एक, सकाळी लवकर रक्त देऊन कॉर्टिसोल, थायरॉइड आणि इतर हार्मोन्स, कारण डोक्याच्या माराने पिट्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी बसून हे हार्मोन्स सांभाळणारी ग्रंथी, मंदावू शकते आणि तो थकवा वेगळ्या उपचाराने जातो. माझे आकडे ठीक निघाले. दुसरी, फिटवरची गोळी. मला लेव्हेटिरासिटाम चालू होती आणि तिने काही जणांची चिडचिड वाढते. न्यूरॉलॉजिस्टनी ती टप्प्याटप्प्याने कमी केली. आपल्या मनाने ही गोळी कधीही बंद करू नका, फिट येऊ शकते. नैराश्यावरची गोळी सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात मला एका संध्याकाळी जाणवलं की मी मुलीचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

न्यूरोसायकॉलॉजीच्या चाचणीसाठी सात आठवडे थांबावं लागलं. ती सप्टेंबरमध्ये झाली, दोन दिवस, रोज दोन तास. आकडे उलट्या क्रमाने म्हणायचे, कागदावरचे आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेषेने जोडायची, गोष्ट ऐकून अर्ध्या तासाने सांगायची. सकाळची वेळ मागा, चष्मा न्या, गोळ्यांची यादी न्या, आदल्या दिवशी काही ठेवू नका. निकालात बुद्धी आणि जुनी स्मृती शाबूत होती, विचारांचा वेग आणि एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष ठेवणं मात्र बरंच खाली आलेलं. तो कागद हातात घेऊन मला हलकं वाटलं. मी आळशी झाले नव्हते, वेडी होत नव्हते. पूर्वी जे आपोआप व्हायचं ते आता जाणीवपूर्वक करावं लागत होतं, आणि थकवा त्याचा होता. रिपोर्टमध्ये 'शिफारशी' हा भाग लेखी मागून घ्या, ऑफिसला तोच लागतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर पुनर्वसनाचे वर्ग. एका वेळी एकच काम, पंचवीस मिनिटं काम मग दहा मिनिटं डोळे मिटून. थकल्यावर विश्रांती घ्यायची नाही, थकण्याआधी घ्यायची, हे शिकायला मला दोन महिने लागले. वासाचा सरावही करत होते. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, प्रत्येक अर्क वीसेक सेकंद, दिवसातून दोनदा, अनेक महिने. निलगिरी आणि लवंग आता टोचल्यासारख्या जाणवतात. गुलाब नाही.

तिथेच मला आमच्या गटातले एक काका भेटले. त्यांची इजा माझ्याहून कितीतरी मोठी, उजवा हात चालत नाही, एकेक शब्द शोधून बोलतात. आणि ते माझ्यापेक्षा समाधानी होते. मला ते समजेना, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवा वाटला. आमच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०११ मधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. मेंदूला इजा झालेल्या ६३० जणांमध्ये ज्यांची इजा जास्त गंभीर होती त्यांनी आयुष्याबद्दल जास्त समाधान नोंदवलं होतं. संशोधकांना त्याचा धागा दोन गोष्टींत दिसला: आपण कोण आहोत याची पक्की झालेली ओळख, आणि माणसांचं पाठबळ. काकांच्या इजेबद्दल कुणी शंका घेत नव्हतं. त्यांना मदत मागावी लागत नव्हती, ती समोरून येत होती. माझी इजा दिसत नव्हती, आणि मी ती लपवण्यात दिवसाची सगळी ताकद खर्च करत होते. याचा अर्थ मोठी इजा बरी असा मुळीच नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की लपवणं सोडायचं. सहकाऱ्यांना पाच ओळींचं पत्र लिहिलं: मला काय झालंय, काय जमतं, काय जमत नाही, दुपारनंतर काय विचारू नका. सहा जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या दोघी आजही रविवारी येतात, एका वेळी एकच जण, गोंगाट नाही.

८ जानेवारी २०२४ ला पुन्हा कामावर गेले, पण यावेळी एक दिवसाआड, चार तास. 'योग्य की अयोग्य' या रकान्याखाली डॉक्टरांनी हाताने अटी लिहून दिल्या होत्या. ऑफिसने ते पत्र दोनदा परत पाठवलं, कारण त्यांच्या फॉर्ममध्ये अटींना जागा नव्हती. तिसऱ्यांदा चाचणीचा रिपोर्ट जोडला तेव्हा मान्य झालं. आता आठवड्यातून पाच दिवस, रोज पाच तास. पूर्ण वेळ होईल की नाही, ते मी आता कुणाला विचारत नाही.

वर्ष झाल्यावर मार्चमध्ये पाच प्रश्नांवर ५२ आले. त्याच भेटीत क्वोलिब्री ही खास मेंदूच्या इजेसाठी बनवलेली ३७ प्रश्नांची मोठी प्रश्नावलीही भरली. तिच्यात विचारशक्ती, स्वतःबद्दलची भावना, रोजचं जगणं, नाती, भावना आणि शारीरिक त्रास असे सहा भाग आहेत. तुमच्याकडे ती मिळाली तर जरूर भरा. माझ्या विचारशक्तीच्या भागाला मी मानत होते त्याहून बरे गुण पडले. सगळ्यात खाली होता 'स्वतः' हा भाग. ज्या बाईला चारशे माणसांचे पगार तोंडपाठ असायचे ती गेली आणि तिच्या जागी आलेली अजून माझ्या ओळखीची झाली नव्हती. पुढचे उपचार आम्ही त्या एका भागावर केंद्रित केले. जुनीशी तुलना करायची नाही असं नाही, ती होतेच. पण वहीत रोज एक ओळ आताच्या मीबद्दल लिहायची. मुलगी एकदा म्हणाली, "तू पूर्वी वेगळी हसायचीस." मी विचारलं, "आणि आता?" ती विचार करून म्हणाली, "आता उशिरा हसतेस. पण हसतेस." ते मी त्या दिवशीची ओळ म्हणून लिहिलं.

या महिन्यात ६४ आले. सकाळी ताजंतवानं वाटण्याला मी ३ दिले, मागच्या वर्षी तिथे ० होता. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे नवऱ्यालाही कागद दिला, आणि यावेळी म्हणाले, "आज यांच्याबद्दल नको, स्वतःबद्दल भरा." त्याने खूप वेळ लावला. त्याचे २८ आले. मी तो कागद बघत राहिले. वीस महिने तो माझ्या गोळ्या, माझे फॉर्म, माझं रडणं सांभाळत होता, आणि तो कसा आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं. सुरुवातीला विचारायची शक्ती नव्हती, नंतर सवय गेली.

त्याची अपॉइंटमेंट १९ तारखेला आहे. मी सोबत जाणार आहे. नवी वही आणलीय, पहिल्या पानावर त्याचं नाव घातलंय, आणि खाली विचारायचे प्रश्न मी लिहायला घेतलेत.